सामू आणि आम्ल : सौम्य आम्लाचा हिशेब

पनवेल खाडीच्या काठचे कामोठे आज नवी मुंबईतील दाट वस्तीचा भाग म्हणून ओळखले जाते. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर वसविण्याचे काम हाती घेण्यात आले. त्या गावांत कामोठ्याचाही समावेश होता. २०१६ पासून हे गाव पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. त्यापूर्वी मात्र कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगड जिल्ह्याच्या, या पट्ट्याची ओळख भात, मीठ आणि मासळी यांवरून होत असे. भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवावयाचे, पावसाचे गोडे पाणी शेतात खेळवून मीठ धुवावयाचे, आणि ते पाणी ओहोटीच्या वेळी उघाडीतून खाडीत सोडावयाचे, ही या भागातील खारजमिनीची पिढीजात रीत होय. पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सहन करणाऱ्या भाताच्या 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' या जाती दिल्या, त्या अशाच जमिनींसाठी.

अशा जमिनीचा नमुना प्रयोगशाळेत तपासला की अहवालात क्षारतेच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा येतो. तो म्हणजे 'सामू'. हा आकडा आता बागायतदारांच्या, लोणची-सरबते तयार करणाऱ्या महिला गटांच्या आणि शहरात गच्चीवर कुंड्या लावणाऱ्यांच्याही परिचयाचा झाला आहे. कागदाची पट्टी बुडवावी, रंग जुळवावा आणि आकडा वाचावा, इतके ते सोपे आहे. परंतु हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळदा चुकीचा उपाय योजला जातो. सामू हा द्रवात मोकळ्या असलेल्या आम्लतेचा आकडा आहे. द्रवात एकूण आम्ल किती आहे, ते तो सांगत नाही. शेतीत व स्वयंपाकघरात भेटणारी बहुतेक आम्ले 'सौम्य' असल्यामुळे या दोहोंतील अंतर फार मोठे असते. ते अंतर मोजण्याचा हिशेब मात्र अवघड नाही.

तीव्र आम्ल व सौम्य आम्ल

आम्ल पाण्यात मिसळले की त्याच्या रेणूतून हायड्रोजनचा विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटा होतो. आंबटपणा, धातू झिजविण्याचा गुण, पट्टीचा बदलणारा रंग हे सर्व या सुट्या आयनाचे कार्य होय. हायड्रोक्लोरिक आम्लासारख्या तीव्र आम्लाचे जवळजवळ सर्वच रेणू पाण्यात फुटतात. शिरक्यातील ॲसेटिक आम्ल, दह्यातील व मुरघासातील लॅक्टिक आम्ल, लिंबातील सायट्रिक आम्ल यांचे तसे नाही. त्यांचे थोडेसेच रेणू फुटतात व बाकीचे अखंड राहतात. शिवाय ही फाटाफूट एकदाच होऊन थांबत नाही. काही रेणू फुटत असतात, त्याच वेळी काही सुटे आयन पुन्हा जुळत असतात, आणि दोहोंचा वेग सारखा झाला की समतोल साधतो. बाजाराच्या दिवशी गावात जितकी माणसे येतात तितकीच परत जात असली, तर गावातील गर्दी दिवसभर एकसारखीच दिसते, तसाच हा प्रकार आहे.

स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८० नंतरच्या दशकात आयनांचा हा सिद्धांत मांडला. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ साली सौम्य आम्लाच्या फाटाफुटीचा गणिती नियम दिला. पुढे १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेन्सन यांनी सामूची मोजपट्टी प्रचारात आणली. मद्याच्या कारखान्याला जोडलेल्या प्रयोगशाळेत निघालेली ही मोजपट्टी पुढे शेतापर्यंत आली.

सामूचे माप

एका लिटर द्रवात सुट्या हायड्रोजन आयनांचे प्रमाण ०.१ मोल असेल तर सामू १, ०.०१ असेल तर २, ०.००१ असेल तर ३, असे हे माप आहे. दशांश चिन्हानंतर एक हा अंक ज्या स्थानी येतो, तो स्थानांक म्हणजे सामू. मधल्या आकड्यांसाठी लॉगरिदमचे कोष्टक किंवा साधे गणनयंत्र वापरावे. सामू एकाने कमी झाला म्हणजे सुटे आयन दहापट झाले, आणि ०.३ ने कमी झाला म्हणजे दुप्पट झाले, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ काम भागते. शुद्ध पाण्याचा सामू २५ अंश सेल्सिअस तपमानास ७ असतो.

'मोल' हे रेणूंच्या संख्येचे माप आहे, आणि त्याचे वजन रेणुभारावरून कळते. ॲसेटिक आम्लाचा रेणुभार ६० असल्यामुळे या आम्लाचा एक मोल म्हणजे ६० ग्रॅम. सबब, लिटरमध्ये ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल असलेला द्रव एक मोल संहतीचा झाला. बाजारातील ४ टक्के शिरक्यात लिटरमागे ४० ग्रॅम, म्हणजे ०.६६७ मोल आम्ल असते.

पहिला हिशेब : आम्लावरून सामू

प्रत्येक सौम्य आम्लाला एक ठराविक आयनीभवन स्थिरांक असतो. ॲसेटिक आम्लाचा स्थिरांक २५ अंशास ०.००००१८ आहे. स्थिरांक 'क', आम्लाची एकूण संहती 'स' आणि सुट्या हायड्रोजन आयनांची संहती 'ह' मानली, तर ओस्टवाल्डच्या नियमानुसार

क = (ह × ह) ÷ (स − ह)

ह ही रक्कम स पेक्षा फारच लहान असल्यास वजाबाकी सोडून देता येते, आणि हिशेब एवढाच उरतो :

ह = √(क × स)

४ टक्के शिरक्यासाठी ०.००००१८ ला ०.६६७ ने गुणल्यास ०.००००१२ येतात. त्याचे वर्गमूळ ०.००३४६, म्हणून सामू २.४६. लिटरमध्ये ०.६६७ मोल आम्ल असून सुटे आयन अवघे ०.००३४६ मोल आहेत. म्हणजे दर हजार रेणूंपैकी सुमारे ५ फुटलेले आणि ९९५ अखंड आहेत.

हाच शिरका दहापट पाणी होईल इतका पातळ केला तर काय होते? आम्लाची संहती ०.०६६७ मोल झाली, ह ०.००११ आला आणि सामू २.९६ झाला. आम्ल दहाव्या हिश्श्यावर आले तरी सामू एकाने नव्हे, केवळ अर्ध्याने वाढला. कारण पाणी वाढले की आणखी रेणू फुटतात व सुट्या आयनांची तूट काही अंशी भरून काढतात. सौम्य आम्लाचा सामू पूर्ण एकाने वाढविण्यास त्यात शंभरपट पाणी करावे लागते.

द्रव फारच पातळ असल्यास वरील सोपी रीत चुकते. ०.००१ मोल ॲसेटिक आम्लासाठी वर्गमूळाने ह ०.०००१३४ येतो. हा आकडा एकूण आम्लाच्या १३ टक्क्यांवर असल्याने वजाबाकी सोडणे योग्य नाही. वर्गसमीकरण पूर्ण सोडविल्यास ह ०.०००१२५५ व सामू ३.९० येतो. फुटलेल्या रेणूंचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असेल तोवरच सोपी रीत वापरावी, हा नियम पाळणे इष्ट.

दुसरा हिशेब : सामूवरून आम्ल

व्यवहारात पुष्कळदा उलट प्रश्न येतो. पट्टीने सामू कळतो, आम्ल किती ते काढावयाचे असते. त्यासाठी तेच सूत्र फिरवून घ्यावे :

स = ह + (ह × ह) ÷ क

सामू ३ असलेले दोन द्रव घ्यावेत. एक हायड्रोक्लोरिक आम्लाचा, दुसरा ॲसेटिक आम्लाचा. दोहोंत ह ०.००१ मोल. पहिल्यात सर्व रेणू फुटलेले असल्यामुळे एकूण आम्लही ०.००१ मोलच. दुसऱ्यात मात्र ०.०००००१ ला ०.००००१८ ने भागून ०.०५५६ येतात, त्यात ०.००१ मिळविले की एकूण आम्ल ०.०५६६ मोल, म्हणजे लिटरला ३.४ ग्रॅम होते. पट्टीवर दोन्ही द्रव एकच रंग दाखवितात. परंतु पहिल्याचे आम्ल मारण्यास लिटरमागे ०.०८४ ग्रॅम खाण्याचा सोडा पुरतो, तर दुसऱ्यास सुमारे ४.७५ ग्रॅम लागतो. हा फरक ५६ पटींहून अधिक आहे. सोड्याने सुटे आयन संपले की अखंड रेणू फुटून नवे आयन पुरवितात, आणि साठा संपेपर्यंत हे चालूच राहते.

सामू हा दारात दिसणाऱ्या पोत्यांचा आकडा आहे. कोठारात किती पोती आहेत, ते स्थिरांक जाणणाऱ्यासच कळते.

ही गणिते द्रवात एकच आम्ल असेल आणि दुसरे काही नसेल, तरच खरी उतरतात. शिरक्यात इतर पदार्थही असतात, म्हणून शिरका तयार करणाऱ्यांनी एकूण आम्ल अनुमापनानेच ठरवावे. १० मिलिलिटर शिरका पाण्याने १०० मिलिलिटर करावा, त्यातील १० मिलिलिटर घेऊन फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाकावेत आणि ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचा द्रव थेंबथेंब सोडावा. टिकाऊ फिकट गुलाबी रंग येताच थांबावे. सोड्याच्या द्रवाचा प्रत्येक मिलिलिटर ०.००६ ग्रॅम ॲसेटिक आम्ल दर्शवितो. ६.७ मिलिलिटर लागल्यास मूळ शिरका ४ टक्क्यांचा समजावा. या कामी मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरू नये. तो सामू ४.४ च्या सुमारास रंग पालटून मोकळा होतो, आणि तेव्हा सुमारे एकतृतीयांश आम्लच मारले गेलेले असते. ॲसेटिक आम्लाच्या अनुमापनाचा खरा शेवट सामू ८.७ च्या आसपास येतो. कॉस्टिक सोडा त्वचा व डोळे भाजतो, तेव्हा चष्मा व हातमोजे घालूनच हे काम करावे.

तिसरा हिशेब : भाताच्या खाचरातील आम्ल

जमिनीत परिस्थिती निराळी असते. तेथील सामू एखाद्या आम्लाने ठरत नाही. माती, चुनखडी, लोह, विरघळलेला कर्बवायू यांच्या एकत्रित परिणामाने तो ठरतो. अशा वेळी वर्गमूळाची रीत लागू पडत नाही. मात्र मोजलेल्या सामूला आम्लाचे किती रेणू अखंड व किती फुटलेले आहेत, ते अचूक काढता येते :

अखंड रेणूंचा हिस्सा = ह ÷ (ह + क)

ॲसेटिक आम्लासाठी हे प्रमाण पुढीलप्रमाणे येते.

सामू ४ : अखंड ८५ टक्के
सामू ४.७४ : अखंड ५० टक्के
सामू ५ : अखंड ३६ टक्के
सामू ६ : अखंड ५ टक्के
सामू ७ : अखंड ०.५५ टक्के

या कोष्टकाचे महत्त्व भातशेतीत विशेष आहे. चिखलणीच्या वेळी ताजा पेंढा, धसकटे, हिरवा पाला किंवा हिरवळीचे खत जमिनीत गाडून लगेच पाणी बांधले, की हवेवाचून कुजण्याची क्रिया सुरू होते आणि तीत ॲसेटिक व इतर सेंद्रिय आम्ले तयार होतात. लिटरला ०.००१ ते ०.०१ मोल इतकी ही आम्ले कमी सामू असलेल्या पाण्यात असल्यास भाताच्या मुळांची वाढ खुंटते. रोप पिवळे पडते, फुटवे कमी येतात, आणि शेतकरी नत्राची कमतरता समजून वरखत देतो. ताज्या पेंढ्यामुळे जंतू नत्र बांधून ठेवतात हेही खरे. परंतु मुळेच दुखावलेली असताना दिलेले खत पिकाच्या उपयोगी पडत नाही.

अपाय प्रामुख्याने अखंड रेणूंमुळे होतो. विद्युतभार नसलेला अखंड रेणू मुळाच्या पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो, फुटलेल्या आयनाला तो पडदा अडवितो. म्हणून खाचरातील आम्ल किती यापेक्षा, त्यातले अखंड किती हे पाहावे लागते.

खाचरातील पाण्यात लिटरला ०.००५ मोल, म्हणजे ३०० मिलिग्रॅम ॲसेटिक आम्ल आहे असे धरू. डोंगरउतारावरील जांभ्या मातीत सामू ५ असल्यास अखंड आम्ल सुमारे १०७ मिलिग्रॅम भरते. खाडीकाठच्या खारजमिनीचा सामू सर्वसाधारणपणे उदासीन ते किंचित विम्लधर्मी असतो. तेथे सामू ७ धरल्यास तेवढ्याच आम्लातून अखंड आम्ल अवघे १.७ मिलिग्रॅम राहते. एकच पेंढा, एकच आम्ल, आणि अपायाचे प्रमाण ६० पटींहून अधिक वेगळे! खारजमिनीत भाताचा शत्रू क्षार असतो, वरच्या जांभ्या जमिनीत हे सेंद्रिय आम्ल अधिक जाचते. एका शेजाऱ्याला मानवलेली रीत दुसऱ्यास का मानवत नाही, याचा एक खुलासा यात आहे.

खाडीकाठची प्रत्येक जमीन अशीच असते असे मात्र समजू नये. केरळमधील कुट्टनाडच्या कारी जमिनींत गंधकाचे संयुग हवेने जळून सल्फ्युरिक आम्ल होते व सामू फार खाली जातो. म्हणून जमिनीचा सामू अंदाजाने न धरता तपासून घ्यावा.

निसर्गानेच येथे एक सोय करून ठेवली आहे. आम्लधर्मी जमिनीत पाणी बांधून ठेवले की काही आठवड्यांत तिचा सामू वाढत जाऊन ६.५ ते ७ च्या आसपास स्थिरावतो. त्याच काळात जंतू ॲसेटिक आम्लाचे विघटन करून त्याचे वायू करतात. कोकणातील जून-जुलैच्या उष्ण हवेत हे कार्य वेगाने होते. म्हणजे थोडे थांबले तर आम्लही घटते आणि उरलेल्यातील अखंड हिस्साही घटतो. यास्तव धैंचा, ताग वा गिरिपुष्पाचा पाला लावणीपूर्वी पुरेसा अवधी ठेवून गाडावा. पेंढा व धसकटे शक्यतो कंपोस्ट करूनच वापरावीत. घाईने लावणी करावी लागल्यास ताजा पाला फार न घालता थोडा घालावा, आणि पाणी बदलण्याची सोय असल्यास एकदा खाचरातील पाणी काढून नवे घ्यावे. खतांचा नत्र वाहून जाऊ नये म्हणून हे पाणी वरखत देण्यापूर्वीच काढावे.

चुन्याची मात्रा आणि राखीव आम्लता

जांभ्या जमिनीला चुना देतानाही हाच विवेक हवा. मातीच्या कणांवर हायड्रोजन व ॲल्युमिनियम धरून ठेवलेले असतात. ही राखीव आम्लता सामूच्या आकड्यात दिसत नाही. सामू ५.२ असलेल्या हलक्या वाळूसर जमिनीस थोडा चुना पुरेल, तर तोच सामू असलेल्या भारी, सेंद्रिय द्रव्याने युक्त जमिनीस कितीतरी जास्त लागेल. यासाठीच शूमेकर, मॅक्लीन व प्रॅट यांनी १९६१ साली दिलेल्या उभयरोधी द्रवाच्या रीतीने प्रयोगशाळेत चुन्याची गरज काढतात. अहवाल घेताना सामूबरोबर 'चुन्याची गरज' हा आकडाही मागून घ्यावा.

लोणची, सरबते आणि गच्चीवरील कुंड्या

फळप्रक्रियेत अखंड रेणू हाच उपकारक ठरतो. जी गोष्ट मुळाला अपाय करते, तीच बुरशी व किण्व यांनाही करते. सरबतात घातलेले सोडियम बेंझोएट आम्लात बेंझोइक आम्ल होऊन काम करते, व तेही अखंड रेणूंच्या रूपात. बेंझोइक आम्लाचे निम्मे रेणू सामू ४.२ ला अखंड असतात. सामू ३.२ असल्यास ९१ टक्के, आणि ५.२ असल्यास केवळ ९ टक्के. कोकम, कैरी, लिंबू यांच्या आंबट रसात हे द्रव्य चांगले काम देते. चिकूसारख्या गोड, आंबटपणा कमी असलेल्या गरात तीच मात्रा जवळजवळ निरुपयोगी ठरते. तेथे मात्रा वाढविणे हा उपाय नव्हे, कारण तिला कायद्याची मर्यादा आहे. सायट्रिक आम्ल घालून सामू खाली आणणे हा खरा उपाय होय. हवाबंद बाटल्या भरणाऱ्यांनी सामू ४.६ पेक्षा निश्चितपणे खाली ठेवावा. त्यापेक्षा जास्त सामूच्या हवाबंद पदार्थात बॉट्युलिझमचे प्राणघातक विष निर्माण करणारे जंतू वाढू शकतात.

कामोठ्यासारख्या शहरी वस्तीत आता शेताची जागा गच्चीने व खिडकीने घेतली आहे. कुंडीतील मातीचा सामू उतरविण्यासाठी तीत शिरका ओतण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. ४ टक्के शिरका दहापट पातळ केला तरी त्यात लिटरला ०.०६६७ मोल आम्ल राहते, हे वर आलेच आहे. भाताच्या मुळांना जाचणाऱ्या ०.०१ मोल या वरच्या मर्यादेच्या ते साडेसहापट आहे. शिवाय मातीतील जंतू हे आम्ल लवकरच खाऊन टाकतात, त्यामुळे सामूवरील परिणामही टिकत नाही. अपाय नक्की आणि लाभ क्षणिक, असा हा उपाय असल्याने तो न केलेला बरा. चांगले कुजलेले खत व मातीतून पाण्याचा योग्य निचरा यांनी कुंडीची माती अधिक खात्रीने सुधारते.

ध्यानात ठेवण्याजोगे

द्रवात एकच सौम्य आम्ल असेल तर आम्लावरून सामू वर्गमूळाने काढावा, आणि सामूवरून आम्ल काढताना अखंड रेणूंचा साठा विसरू नये. जमिनीत, रसात वा मुरघासात सामू इतर गोष्टींनी ठरत असल्यास तो प्रथम मोजावा व मग अखंड हिस्सा काढावा. सामूमापक यंत्र वापरणाऱ्यांनी ते प्रत्येक वेळी ४ व ७ सामूच्या प्रमाणित द्रवांत जुळवून घ्यावे. पट्टी वापरणाऱ्यांनी पट्ट्या कोरड्या डबीत ठेवाव्यात. चुना, सोडा वा संरक्षक द्रव्य यांची मात्रा केवळ सामूच्या आकड्यावरून कधीही ठरवू नये. मातीचा नमुना भाताची कापणी झाल्यावर, शेत कोरडे असताना घेऊन तालुक्याच्या कृषी कार्यालयामार्फत तपासणीस द्यावा, म्हणजे पुढील पावसाळ्यापूर्वी पाला किती व केव्हा गाडावयाचा आणि चुना द्यावयाचा की नाही, हे वेळेवर ठरविता येईल.